झाकलेले एकतीस दिवस

ता. ११ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

हे पत्र लिहायचं कारण एकच. तू माझ्याशी खोटं बोललास आणि त्याचा पुरावा माझ्या हातात आहे. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून कागदावर लिहिते.

गेल्या ऑक्टोबरात बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या महिन्यात मी तुला चार फोन केले. चारही वेळा तू एकच वाक्य म्हणालास, "भट्टी पूर्ण जोरात चालू आहे ताई, रजा नाही." मी मान्य केलं. अणुभट्टी चालवणारा माणूस ती वाऱ्यावर सोडून येऊ शकत नाही, एवढं मला कळतं. सकाळी भुयारात काम, दुपारी हॉस्पिटल. बाबांना उठवणं, बसवणं, चालवणं आणि त्यांची बोलणी खाणं, सगळं एकटीने केलं. तक्रार केली नाही.

आता ऐक. तुझ्या भट्टीपासून बाराशे मीटरवर, डोंगराच्या पोटात, आमचा डिटेक्टर आहे. साठ टन तेलासारखा द्रव आणि त्याच्यावर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या काचेच्या ट्यूबा. तुझ्या भट्टीतून न्यूट्रिनो निघतात. त्यांना भिंत अडवत नाही, डोंगर अडवत नाही, तुमचे फाटकावरचे पहारेकरीही अडवत नाहीत. असंख्य येतात आणि आरपार जातात. एखादाच आमच्या द्रवात धडकतो. मग दोन चमका उठतात, एक लगेच आणि दुसरी तिच्या पाठोपाठ, पापणी लवायच्या कितीतरी आत. अशा जोड्या आम्ही मोजतो. भट्टी चालू असली की दिवसाला ऐंशीच्या आसपास.

६ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर हा आकडा होता चार, पाच, तीन, चार. आणि ते चार-पाचही तुझे नव्हेत. आकाशातून येणारे दुसरे कण कधीकधी न्यूट्रिनोची नक्कल करतात, ते हे.

भट्टी बंद होती. एकतीस दिवस. मग तू कुठे होतास?

हे आकडे मला माहीत असायला नको होते. त्याचं काय करायचं ते मी बघीन. तू तुझं उत्तर दे, आणि ते लेखी दे.

तुझी ताई

ता. क. बाबा आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. तुझ्याविषयी अवाक्षर काढत नाहीत. का काढत नाहीत, याचाही विचार कर.


ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभं राहून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. भट्टी पूर्ण जोरात चालू आहे. ऑक्टोबरातही होती. तू पुढच्या वर्षी विचारशील तेव्हाही असेल. याच्यापलीकडे माझ्या तोंडून काही निघणार नाही, मग तू मला कोपऱ्यात उभं कर नाहीतर घरातून नाव काढून टाक.

मला मात्र एक विचारायचंय. तुला हे आकडे कळले कसे? तूच मला समजावून सांगितलं होतंस, की तुमच्याकडे तीन वर्षांच्या चमका एका ढिगात असतात. कुठली चमक कुठल्या दिवसाची हे मोजणाऱ्यांना माहीत नसतं. परीक्षकाला पेपरावरचं नाव दिसू नये तसं. खरी जोडी कुठली आणि नकली कुठली हे ठरवायची पद्धत पक्की झाली, की मगच तारखांची यादी उघडायची. ती यादी उघडायचा परवलीचा शब्द लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यात आहे आणि लिफाफा तुझ्या कपाटात. तुझ्याच कपाटात का, तर तू तो उघडणार नाहीस यावर सगळ्यांचं एकमत झालं म्हणून! हे सांगताना तुझी मान किती ताठ होती ते मला अजून आठवतं.

मग ताई?

तुझा बारक्या

ता. क. बाबांना सांग, फाटकापर्यंत जा पण पायरी उतरू नका.


ता. १८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

चोराच्या उलट्या बोंबा यालाच म्हणतात. प्रश्न मी विचारला होता.

तरी मी उत्तर देते, कारण मला लपवाछपवी जमत नाही. लिफाफा मी उघडला. सात फेब्रुवारी, शनिवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. बाकीचे जेवायला गेले होते. शब्द मशीनला दिला, एकतीस ओळी छापून घेतल्या, मशीन बंद केलं. नऊ वर्षांत या जागेतून मी एक स्क्रूसुद्धा घरी नेला नाही. या ओळी पर्समधून नेल्या.

का उघडला तेही ऐक. त्याच सकाळी शिंप्याकडे गेले होते. तो सहज म्हणाला, "बाई, तुमचे भाऊ ऑक्टोबरात आमच्या बसस्टँडवर दिसले. पाठमोरे होते, पण चालीवरून ओळखलं. मी हाक मारली तर पळतच सुटले." म्हणजे तू या गावात आलास, घरापासून दहा मिनिटांवर, आणि घरी आला नाहीस. ज्याला रजा नाही तो बसस्टँडवर काय करत होता? मी दुकानातून सरळ भुयारात गेले.

परक्या माणसांनी बाबांची जास्त विचारपूस केली. नर्स सांगत होती, कुणी गुळगुळीत तोंडाचा माणूस सकाळी येऊन त्यांना संत्री सोलून द्यायचा. विम्याचा एजंट असणार. एजंटाला दया आली, पोटच्या पोराला नाही.

आता मी काय पणाला लावलंय तेही समजून घे. जूनमध्ये यादी उघडायची. तुझ्या भट्टीतून निघालेल्या शंभर न्यूट्रिनोंतले पाच-सहा आमच्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेत रूप बदलतात आणि आम्हाला दिसेनासे होतात. भट्टीला लागून आमचा एक छोटा डिटेक्टर आहे. तिथे किती दिसले आणि इथे किती, यावरून नेमके किती बदलले ते निघतं. नऊ वर्षांचं काम म्हणजे तो एक आकडा. यादी उघडताना एका खोलीत बसून तो वाचणाऱ्या तिघांत मी आहे. लिफाफ्याचं कुणाला कळलं तर मी त्या खोलीत नसेन. आणि हे सगळं मी तुझ्यापायी केलं.

एवढं कळल्यावरही "भट्टी जोरात चालू आहे" हेच लिहिणार असशील, तर पुन्हा पत्र पाठवू नकोस.

ताई


ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. नमस्कार.

तू लिफाफाच उघडलास, तेव्हा आता झाकून कुणाचं भलं होणार? सगळं सांगतो. पाणी पिऊन वाच.

पहिली गोष्ट. भट्टी बंद म्हणजे आम्हाला सुट्टी, हे तुला कुणी सांगितलं? तुमच्या डोंगरातल्या लोकांचा हा जुना समज आहे. तुमच्याकडे आकडा खाली आला, की तुम्हाला वाटतं पलीकडे सगळे झोपले. ताई, चालू भट्टी म्हणजे खुर्चीत बसून काटे बघणं. बंद भट्टी म्हणजे लग्नघर. बाहेरून अकराशे माणसं येतात. झाकण काढायचं, जुनं इंधन पाण्याखालूनच बाहेर न्यायचं, नवं आणायचं, आणि तीच वेळ साधून वर्षभर हात न लावता आलेला प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून बघायचा. बारा तासांची पाळी. एका जोडणीपाशी मी सहा तास गुडघ्यांवर होतो. ज्या दिवशी तुझा आकडा चारवर होता, त्या दिवशी माझे पाय सुजलेले होते. "रजा नाही" हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. खोटं होतं ते "पूर्ण जोरात".

दुसरी गोष्ट. ते खोटं कुणाचं? पाच वर्षांपूर्वी तुमचा डिटेक्टर उभा राहत होता तेव्हा तू मला पत्र लिहिलं होतंस. ते मी ठेवलंय. तुझेच शब्द उतरवून पाठवतो: "भट्टीविषयी मला एकच वाक्य सांगायचं, पूर्ण जोरात चालू आहे. मी विचारलं, रागावले, शपथ घातली, तरी तेच. कधी बंद असते हे मला कळलं तर माझा हात मोजताना झुकेल आणि मला ते कळणारही नाही. तू माझा भाऊ असशील तर दुसरं वाक्य बोलणार नाहीस." मी बोललो नाही. तुला राग येणार हे माहीत होतं, तरी नाही.

तिसरी गोष्ट, मिशी. आत काही ठिकाणी तोंडावर घट्ट मास्क चढवावा लागतो. कडेखाली केस राहिले की हवा आत शिरते. माझी मिशी गालापर्यंत जाते, म्हणून दर खेपेला भट्टी बंद होण्याच्या आदल्या दिवशी ती उतरवतो. तूच एकदा हसून म्हणाली होतीस, "तुझी मिशी हाच तुमच्या भट्टीचा मीटर." मग तोंड कसं दाखवू? तू एका नजरेत ओळखलं असतंस.

रजा नव्हती, पण आठवड्याला एक अशा त्या महिन्यात चार सुट्ट्या मिळाल्या. चारही बाबांकडे घालवल्या. डोंगराला वळसा घालून दीड तास बस, साडेनऊला हॉस्पिटल, साडेअकराला परत, म्हणजे तू भुयारात असायचीस तेवढ्या वेळात. बाबांना म्हटलं, ताईला सांगू नका, तिचं काम नासेल. संत्री मीच सोलत होतो. शिंप्याने हाक मारली तेव्हा पळालो, कारण तो मिशीविषयी गावभर बोलला असता.

विम्याचा एजंट म्हणालीस ते मात्र लागलं.

बारक्या


ता. २ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि बाबांसमोर नेऊन ठेवलं. म्हटलं, "हे खरं?"

त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचलं, आणि म्हणाले, "पहिल्या खेपेला त्याने संत्र्याच्या बिया काढल्या नव्हत्या. दुसऱ्या वेळेपासून काढल्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का?"

"रोज विचारत होते!"

"रोज म्हणत होतीस, 'आला नाही ना तुमचा लाडका?' हे विचारणं नव्हे, हा निकाल. निकालावर मी कशाला बोलू? शिवाय त्याला शब्द दिला होता."

मग त्यांनी मला विचारलं, की एवढा सतरा टनांचा डिटेक्टर असून घरातल्या माणसाचा पत्ता कसा लागला नाही. मी साठ टन म्हणून दुरुस्ती केली. ते म्हणाले, "मग तर जास्तच वाईट."

चूक माझी. एकदाच लिहिते आहे, जपून ठेव. पाच वर्षांपूर्वीचं पत्र मी लिहिलं होतं हे मला आठवत होतं. त्यातला शब्द पाळताना तुला काय पडेल, हे लिहितानाही मनात आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही. नियम केला तो मी, पाळला तो तू, मोडला तो पुन्हा मी. विम्याचा एजंट हा शब्द मागे घेते.

आता लिफाफ्याचं. कपाटात आहे, लाख तुटलेली. लाखेची कांडी माझ्याच टेबलात असते आणि शिक्काही. पाच मिनिटांचं काम आहे. तीन आठवडे झाले, मी ते काम केलेलं नाही, आणि हेडमास्तरांकडेही गेलेले नाही. हेडमास्तर म्हणजे आमचे प्रमुख. वाचनालयात येणाऱ्या वर्तमानपत्रातून भट्टीची बातमी असलेला तुकडा रोज सकाळी स्वतः कात्रीने कापतात आणि मग पेपर आम्हाला देतात. असा माणूस. त्यांच्यासमोर जाऊन काय म्हणू?

तुझी ताई


ता. ५ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं "चूक माझी" कापून पाकिटात ठेवलंय. बायको म्हणते चौकट करून घे.

लिफाफ्याचं माझं स्पष्ट मत ऐक. लाख लाव, शिक्का मार, विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू काही आकडा बदलला नाहीस. जो न्यूट्रिनो आला तो आला, नाही आला तो नाही आला, त्याला तुझ्या लिफाफ्याचं सोयरसुतक नाही. नऊ वर्षं तू त्या भुयारात घातलीस. गुडघे गेले, डोळ्यांचा नंबर वाढला, माझ्या लग्नातसुद्धा दुपारनंतर आलीस. जूनमध्ये त्या खोलीत तू बसलीच पाहिजेस. तुझ्याइतका हक्क तिथे कुणाचा नाही. माझ्यासारख्याच्या चार फोनांपायी तो जाणार असेल तर मला आयुष्यभर टोचेल.

आमच्याकडे असं झालं असतं तर मी काय केलं असतं, ते विचारू नकोस. आमच्याकडे एक वही असते. ज्याची चूक त्याने त्याच पाळीत लिहायची, आणि लिहिणाऱ्याला कुणी ओरडायचं नाही असा नियम आहे. माझी स्वतःची तीन पानं आहेत त्यात. पण आमच्याकडे चूक लपली तर माणसं मरतात. तुमच्याकडे कोण मरणार आहे?

लाख लाव.

बारक्या


ता. २१ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

सोळा दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर तयार नव्हतं. आता आहे.

खरं सांगायचं तर तुझं पत्र आल्यावर मी लाखेची कांडी टेबलावर काढून ठेवली होती. आमच्याकडे कोण मरणार, हा तुझा प्रश्न मला पटला होता. सोमवारी दहा वाजता मी संशयास्पद जोड्या बघायला बसले. काही जोड्या धड खऱ्या वाटत नाहीत, धड नकली. त्या एकेक बघून ठेवायची की काढायची, याचा नियम ठरवतो आम्ही. सतराव्या जोडीवर शेरा लिहिताना माझ्या लक्षात आलं, की मी मनात म्हणते आहे, "ही बंद दिवसांतली तर नसेल?" आणि पेन थांबलं. बंद दिवसांतली असेल तर ती नक्की नकली. म्हणजे मी चमक बघत नव्हते, तारखेचा अंदाज बांधत होते. मागची पानं उलटून बघितली. सात फेब्रुवारीनंतर मी रोज काढून टाकलेल्या जोड्या त्याच्या आधीपेक्षा दुपटीने जास्त होत्या. हात झुकला होता आणि मला ते कळलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी मीच तुला लिहिलेलं वाक्य, शब्दशः.

मरणार कुणी नाही. आकडा मरेल. आणि तो मेलाय हे कुणाला कळणारही नाही, सगळे त्याला जिवंत समजून घेऊन फिरतील.

कांडी खणात टाकली आणि हेडमास्तरांकडे गेले.

"लिफाफा उघडला गेलाय," मी म्हटलं.

"कुणी?"

"मी."

त्यांच्या हातात कात्री होती. पेपराच्या मधोमध थांबली. "तुम्ही?"

"मी. लिहून आणलंय. तारीख, वेळ, किती ओळी, त्यानंतर कुठल्या जोड्या बघितल्या."

"बसा."

"बसत नाही. वाचून घ्या."

त्यांनी वाचलं. "कारणाचा रकाना रिकामा आहे."

"घरगुती आहे."

"रकाना आहे तर भरावा लागेल, बाई. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

मग उभ्यानेच लिहिलं: "भाऊ खोटं बोलतो असा संशय आला. संशय खरा निघाला, राग चुकीचा." त्यांनी ते दोनदा वाचलं, मग विचारलं, "भाऊ काय करतो?" मी सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि हसू लागले. नऊ वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं. दात चांगले आहेत.

हसून झाल्यावर म्हणाले, "मोजणाऱ्याच माणसाकडे कुलपाची किल्ली दिली, ही चूक माझी. ती मी माझ्या नावावर लिहितो. तुमची तुमच्या नावावर राहील."

निर्णय असा. सात फेब्रुवारीच्या आधीचं माझं काम तसंच राहील, वहीत तारखा आहेत. नंतरचं सगळं बाद. ते आमची आकडेतज्ज्ञ नव्याने करील. ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि दुपटीने भांडखोर आहे. उत्तम निवड. परवलीचा शब्द बदलला, तो दुसऱ्या शहरातल्या माणसाकडे गेला. यादी जूनऐवजी सप्टेंबरात उघडेल. त्या खोलीत मी नसेन.

वाईट वाटलं का? वाटलं. त्या दिवशी लवकर घरी आले. बाबांनी स्वतः चहा करून आणला, अर्धा बशीत सांडलेला. प्यायले. दुसऱ्या दिवशी जोड्यांच्या वह्या आकडेतज्ज्ञाच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. तिने पहिलंच पान उघडून माझ्या बेरजेत चूक काढली. चूक नव्हती, तिने सात हा एक वाचला होता, पण आमचं अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं आणि मला एकदम बरं वाटलं. काम चांगल्या हातात आहे.

आता खरी बातमी. आमच्याकडे एक जागा तीन वर्षं रिकामी होती. भट्टीवर जाऊन तिच्या रोजच्या शक्तीच्या नोंदी आणायच्या आणि पानन् पान तपासायचं. भट्टी किती जोरात होती हे कळल्याशिवाय किती न्यूट्रिनो निघाले याचा हिशोब लागत नाही. पण जो हे काम घेईल त्याला मोजणीत बसता येत नाही, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. कागद तुमच्याचकडे साठलेत. हेडमास्तर म्हणाले, "तुमच्यापासून आता काय लपवायचं राहिलंय? घ्याल?"

मी विचारलं, "जायचं किती वेळा?"

"महिन्यातून दोनदा. वळसा लांबचा आहे. तिकडे ओळखीचं कुणी आहे का?"

"आहे," मी म्हटलं, "पण त्याच्या तोंडून माहिती काढणं फार कठीण आहे."

एप्रिलमध्ये येते आहे. नोंदी नीट लावून ठेव. विस्कळीत कागद मी घेणार नाही, मग देणारा कुणीही असो.

तुझी ताई


ता. ३ एप्रिल

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं पत्र पाळीत वाचलं आणि शेजारच्याने विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" कारण माझे डोळे बघण्यासारखे झाले होते. म्हटलं, ठीक आहे, बहीण कामाला येते आहे इथे. तो म्हणाला, "मग रडताय ते बरोबर."

तुमच्याकडून पत्र आलं आमच्या साहेबांना. त्यांनी मला बोलावून विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण?" सांगितलं. ते म्हणाले, नातं असलं तरी कागद पाळीप्रमुखानेच द्यायचे असा नियम आहे, आणि ते तुम्हीच, फक्त तिसऱ्या माणसाची सही घ्या. ती फाटकावरचा सुरक्षा प्रमुख करील. त्याला सांगून ठेवलंय, बाई कडक आहेत, आधी पेन चालतं का बघ. तो म्हणाला, "मी कुणाला भीत नाही." तू आल्यावर बघू.

तू त्या खोलीत नसशील याचं मला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय, हे लिहून ठेवतो. लाख लाव म्हणालो, ते माझ्या वहीतलं चौथं पान समज.

रोज पाळीनंतर फायली लावतोय. वाचता येतील अशा.

तुझा बारक्या


कागद हस्तांतर नोंद, दक्षिण फाटक

ता. १४ एप्रिल, सकाळी १०.२०

देणार: पाळीप्रमुख, अणुभट्टी.

घेणार: नोंद प्रतिनिधी, डोंगरापलीकडील न्यूट्रिनो प्रयोगशाळा.

दिलेले कागद: भट्टीच्या रोजच्या शक्तीच्या नोंदी, तीन वर्षांच्या, महिन्याला एक याप्रमाणे छत्तीस फायली. घेणाऱ्या बाईंनी सर्व फायलींची पानं फाटकावर उभं राहून मोजली. एका फायलीत दोन पानं उलटी लागलेली आढळली. देणाऱ्यांनी जागेवर सुलटी केली.

६ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर या तारखांची पानं बाईंनी वेगळी काढून देणाऱ्यांना मोठ्याने वाचायला सांगितली. देणाऱ्यांनी एकतीस वेळा "शून्य" असं वाचलं. बाईंनी प्रत्येक ओळीपुढे खूण केली व खाली "बरोबर" असं लिहून सही केली.

देणार व घेणार यांचं नातं: सख्खे भाऊ-बहीण. त्यामुळे तिसरी सही: सुरक्षा प्रमुख, दक्षिण फाटक.

परत घेतलेली वस्तू: पाहुण्यांचा बिल्ला, एक.

शेरा: कागद ११.१५ वाजता गाडीत ठेवले. त्यानंतर देणार व घेणार फाटकाबाहेरच्या बाकावर पाऊण तास बसले होते. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. थांबण्याचं कारण या नोंदीत लिहावं, असं बाईंनी स्वतः येऊन सांगितलं. रकाना नसल्याने इथे लिहिलं आहे: गप्पा.